कॉमेडीच्या खान्यातलं बटण

‘गमतीदार’ हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं.

शहरातल्या एका चित्रपट मंडळाची पत्रिका आली होती. गुळगुळीत कागद, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘दडून राहिलेला सिनेमा’. खाली यादी. पुरुषांनी पुरुषांच्या, बायकांनी बायकांच्या प्रेमावर काढलेले, थिएटरात कधी न लागलेले, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर घरच्या घरी केलेले सिनेमे. कुठकुठल्या मोठ्या शहरांतले. कुणापुढं ‘धाडसी’ लिहिलेलं, कुणापुढं ‘अस्वस्थ करणारा’. सगळ्यांत शेवटी, जेवणावळीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे आम्ही. ‘जालना जिल्ह्यातील एक गमतीदार प्रयोग.’

मी आयुष्यभर लोकांना हसवत आलोय. मयताला गेलो तरी चार माणसं माझ्याजवळ येऊन बसतात, की हा काहीतरी बोलेल. हसण्याशी माझं वैर नाही. पण त्या सिनेमात एक जागा होती, तीन मिनिटांची, जिथं कुणी हसू नये एवढीच एका माणसाची इच्छा होती. ती जागा आता त्या सिनेमात नाही. म्हणून तो गमतीदार झाला. हे सगळं नीट सांगतो, कारण पत्रिका छापणाऱ्यांना ते माहीत नव्हतं, आणि विचारावं असंही त्यांना वाटलं नाही.

एक्याऐंशी साली मी आठवीत होतो. जालन्यातल्या मस्तगड भागात आमच्या गणपती मंडळाच्या नाटकात नायिका करायला मुलगी मिळेना, म्हणून मला आईची जांभळी साडी नेसवली. मी स्टेजवर पाऊल टाकलं आणि रस्ता भरून हशा उठला. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं ते. मी मुद्दाम दोनदा पदर पाडला. घरी आल्यावर आईनं साडीची घडी घालता घालता एवढंच म्हटलं, “निऱ्या नीट घालत जा. आमची अब्रू निऱ्यांत असते.”

पुढची दहा वर्षं मंडळातल्या सगळ्या वहिन्या, सासवा आणि तमासगिरिणी मीच. फक्त तो हशा नाटक संपलं तरी संपेना. चहाच्या टपरीवर गेलो की, “या वैनी, कट चहा मारायचा का फुल?” सायकलवरून चाललो की मागून शिट्टी. मीही कंबर लचकवून उत्तर द्यायचो. दुसरं काय करणार? लोक हसायच्या आधी आपणच हसवलं की लागत नाही, असं मला वाटायचं. लागत होतं.

तेवढ्यात गावात व्हिडिओ आला. मस्तगडाच्या उतारावर एका पत्र्याच्या खोलीत एक दादा दुपारचे खेळ लावायचे. स्टुलावर टीव्ही, त्याखाली व्हीसीआर, समोर बाकडी. शेजारच्या गाळ्यात त्यांचीच कॅसेट लायब्ररी, आणि लगीनसराईत लग्नाचं शूटिंगही तेच करायचे. दादा मला ‘हीरोइन’ म्हणायचे, पण त्यांच्या तोंडून ते शिवीसारखं यायचं नाही. दुकानाच्या पाटीसारखं यायचं.

त्या खोलीत मी शेकड्यानं सिनेमे पाहिले. त्यांत आमच्यासारख्यांची एन्ट्री ठरलेली. पिपाणीसारखं संगीत, लचकत येणं, हिरोचा धक्का, लोकांचा हशा, पुढच्या सीनला गायब. मी वाट बघायचो की एखादा तरी असा माणूस सिनेमात घरी जाईल, चप्पल काढेल, पाणी पिईल. एकही नाही! सगळे धक्का खाऊन कुठं जायचे देव जाणे.

एकदा दादांनी मुंबईहून गोणीभर कॅसेटी आणल्या. त्यात एकीवर नावच नव्हतं. इंग्रजी आहे म्हणजे मारधाड असणार, असा हिशेब करून त्यांनी ती दुपारच्या खेळाला लावली. कॉपीची कॉपीची कॉपी. पडद्यावर निम्म्या मुंग्या आणि निम्मी माणसं. एका खोलीत दोन पुरुष बटाटे सोलत बसलेले. सोलतायत, सोलतायत. मग एकानं दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून परत सोलायला लागला.

“ओ दादा, मारधाड कवा हाये?”

“हे काय करून राह्यले? भाजी करायला आलो का आम्ही?”

“चाकू हाये ना हातात? मंग मार की रे!”

दहा मिनिटांत बाकडी रिकामी. दादा शेजारी कॅसेट लायब्ररीत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. मी मात्र जागचा हललो नाही. बटाटे सोलून झाले, त्या दोघांनी ते शिजवले, खाल्ले, संपला सिनेमा. मुंग्याच मुंग्या उरल्या, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकड्यावर अजून एक जण होता.

तो शेजारच्या गल्लीतला लेडीज टेलर. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. अंबड तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातला, अंतरवालीकडचा. वडील शाळेत शिक्षक. पोरानंही शिक्षक व्हावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं, आणि पोरगा ब्लाउज शिवायला लागला. गळ्यात टेप, कानावर खडू, बोलणं मोजून मापून.

“पिक्चर समजला का तुम्हाला?” मी विचारलं.

“समजला,” तो म्हणाला. “बटाटे जरा कच्चे राह्यले होते.”

असा माणूस हातचा जाऊ द्यायचा असतो का?

ब्लाउज मला नाटकासाठी लागायचेच. आता जरा जास्तच लागायला लागले. काय होतं आमच्यात, ते आम्ही कधी शब्दांत मांडलं नाही. मी दिवसभर बोलायचो आणि तो मशीन चालवायचा. वर्षभरानं मीच एक दिवस म्हटलं, “आपण काढू ना तसा पिक्चर. आपल्या गावाचा.” पावसाळा होता. लग्नं बंद, दादांचा खांद्यावरचा मोठा कॅमेरा रिकामा पडलेला. दादा लगेच तयार. त्यांना वाटलं नाटकाचं शूटिंग.

मास्तरनं मात्र कात्री खाली ठेवली.

“मला काय करशील त्यात?”

“तू मला आवडतोस असं करीन.”

“तसं न्हाई इचारलं. आमच्या वस्तीतला माणूस पिक्चरमधी आला की एक तर हात जोडतो, न्हाईतर मरतो. मला काम करताना दाखव. आन् माझ्यावर कुणी हसलं न्हाई पायजे. तुझ्यावर हसू दे खुशाल, तुला सवय हाये. माझ्यावर न्हाई.”

“बराबर,” मी म्हणालो. “बिलकुल.” शब्द द्यायला मला कधी वेळ लागत नाही.

गोष्ट मीच रचली. नाटकात बाई करणारा एक माणूस. ऐन वेळी त्याचा ब्लाउज हरवतो, मग धावाधाव, पळापळ, साडी सायकलच्या चेनमध्ये अडकते, वगैरे. वीस मिनिटं मी नुसता धुमाकूळ घातला. शेवटी नाटक संपतं, हा माणूस साडी सोडतो, आपला सदरा घालतो, तर वरचं बटण तुटलेलं. तो टेलरकडं जातो आणि टेलर त्याच्या अंगावरच बटण लावून देतो. एवढंच.

शूटिंगच्या दिवशी मास्तरनं सुईत दोरा ओवला. मी ओरडलो, “थांब थांब! अंगावर शिवू नये. आई म्हणते, बुद्धी शिवली जाते. शिवायचंच असलं तर तोंडात दोरा धरायचा.”

“आम्ही असलं काय मानत न्हाई,” मास्तर म्हणाला. मग माझ्याकडं जरा बघून त्यानं एक दोरा तोडला आणि माझ्या दातांत दिला. “धर. मानत न्हाई, पण तू गप तरी बसशील.”

बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं कपाळ माझ्या हनुवटीजवळ. दुपारचा उजेड दारातून येत होता. सुई वर जायची, दोरा ताणला जायचा, त्याचं मनगट माझ्या गळ्याच्या खड्ड्याला टेकायचं आणि निघायचं. तो काम करत होता. फक्त काम. चार भोकांचं बटण, प्रत्येक भोकातून दोनदा दोरा. शेवटी गाठ मारून त्यानं दोरा दातानं तोडला, तेव्हा त्याचा गाल माझ्या छातीला लागला आणि क्षणभर तिथंच राहिला. मग त्यानं माझ्या तोंडातला दोरा काढून घेतला, बोटाला गुंडाळला आणि खिशात टाकला.

सीन अर्ध्या मिनिटाचा ठरलेला. दादांनी तीन मिनिटं कॅमेरा चालूच ठेवला होता.

“बंद का नाही केला?” मी विचारलं.

दादा कावरेबावरे झाले. “विधी चालू असताना बंद करायचा न्हाई, सवय हाये ना लग्नाची. मला वाटलं… तुमचा काय तरी विधी चालू हाये.”

मास्तर हसला. त्या दिवशी मला वाटलं, जगात सिनेमा काढण्यासारखं सोपं काही नाही.

आता रागाचं सांगतो.

दादांच्या लायब्ररीत भिंतभर फळ्या, प्रत्येक खान्यावर कागदी चिठ्ठी. कौटुंबिक. धार्मिक. मारधाड. भुताचे. कॉमेडी. आमच्या कॅसेटीच्या चार कॉपी निघाल्या. एक मी घेतली, एक मास्तरनं, आणि दोन दादांनी फळीवर ठेवल्या. आठवड्यानं मी गेलो तर त्या कॉमेडीच्या खान्यात.

“दादा, ही कॉमेडी आहे?”

“पुरुष माणूस साडी नेसून सायकलवरून पडतो. मंग काय धार्मिक हाये?”

“शेवट पाहिला ना तुम्ही? तुम्हीच काढलाय!”

“हीरोइन, सगळे खाने भरले हायेत. नवा खाना कशाचा करू? काय लिहू त्याच्यावर, तूच सांग.”

मला सांगता आलं नाही. दहा वर्षं स्टेजवर पल्लेदार वाक्यं फेकणारा मी, आणि एका चिठ्ठीवर लिहायला माझ्याकडं शब्द नव्हता. जे होते ते सगळे शिव्या होत्या. त्याचा राग मला अजून येतो, दादांपेक्षा माझाच जास्त. कारण पहिली वीस मिनिटं मीच हशानं भरून ठेवली होती. हशा आणायचा, पिकवायचा मला ठाऊक होतं. थांबवायचा कसा ते कुणी शिकवलंच नव्हतं.

कॅसेट घराघरांत गेली. लोक कॉमेडी समजून बघायचे आणि शेवटपर्यंत कॉमेडी समजूनच बघायचे. महिन्याभरात मास्तरच्या दुकानापुढं टवाळ पोरं शर्टाची बटणं तोडून उभी राहायला लागली.

“मास्तर, बटण लावता का? तोंडात दोरा धरू का?”

“माझं खालचं तुटलंय मास्तर!”

बायका ब्लाउज टाकायला यायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मास्तर मान खाली घालून माप घ्यायचा. मी एकदा त्या पोरांवर धावून गेलो, तमासगिरिणीच्या आवाजात सात पिढ्या उद्धरल्या. ते अजूनच हसले. मास्तर आतून म्हणाला, “तू नको बोलू. तू बोलला की पिक्चर परत चालू होतो.”

दिवाळीच्या आत त्यानं मशीन टेम्पोत घातलं. सुरतेला कुणीतरी ओळखीचं होतं. मी टेम्पोजवळ उभा होतो. तो म्हणाला, “तू म्हणला होता, हसणार न्हाई कुणी.” रागानं नाही, माप सांगावं तसं म्हणाला. त्याची कॉपी त्याच्याबरोबर गेली. माझी मी त्याच दिवशी चुलीत घातली, आणि दादांच्या दुकानाची पायरी चढायचं बंद केलं.

किती वर्षं? केबल आली, व्हिडिओचे खेळ बंद पडले. सीडी आल्या, लायब्ररीही बंद पडायला आली. तेव्हा दादांनी निरोप पाठवला, तुझी एक कॅसेट उरलीय, येऊन घेऊन जा. गेलो. दादा म्हातारे दिसत होते. फळ्या अर्ध्या रिकाम्या, चिठ्ठ्या तशाच. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि कॅसेट लावली.

मी साडीत पळालो. सायकलवरून पडलो. मला स्वतःचाच कंटाळा आला. मग सदरा, तुटलेलं बटण, टेलरचं दुकान. मास्तरनं सुई उजेडात धरली. आणि टक्. पडद्यावर एक झटका, आणि मी बटण लावलेल्या सदऱ्यात दुकानाबाहेर चाललेलो.

“मधलं कुठंय?”

“कापलं,” दादा म्हणाले.

“कापलं म्हणजे?”

“झिजलं होतं. ही कॅसेट नेणारे काही जण लई अजब होते. रिवाइंड करून परत द्यायची असते ना? हे करायचेच न्हाईत. आन् कॅसेट कायम एकाच जागी थांबलेली यायची. तिथंच पॉज करायचे, मागं घ्यायचे, परत पॉज. पट्टीला सुरकुत्या पडल्या, चित्रात पट्टे यायला लागले. झिजलेली पट्टी मशीनचं हेड खराब करते. लोकांची मशीनं बिघडली असती. म्हणून कात्रीनं काढलं आन् दोन्ही टोकं बराबर चिकटवली. दुसऱ्या कॉपीचं बी तसंच झालं होतं. बघ, जोड कसा सफाईनं बसवलाय.”

त्यांना जोडाचं कौतुक व्हावं असं वाटत होतं. मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला.

“दादा, कोण नेत होतं ही कॅसेट?”

“हे सांगत नसतेत.”

“किती जण होते तेवढं तरी सांगा!”

“होते,” दादा म्हणाले. “एक तर शिकवायला होता कुठं तरी. एक बाई होती, लेकरं घेऊन यायची, लेकरांसाठी धार्मिक न्यायची आन् ही स्वतःसाठी. कॉमेडी लिहिलं होतं म्हणून न्यायचे रे. दुसरं काय लिहिलं असतं, तर हात लावला असता का कुणी?”

हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं की आत्ता सुचलं, ते मला आजही कळलेलं नाही. पण मला राग आला तो असा की कान वाजायला लागले. त्या गावात आम्ही दोघंच नव्हतो! मास्तर मान खाली घालून मापं घेत होता तेव्हा आसपासच्या घरांत, दुपारी, दार लोटून, कुणीतरी त्याचा हात थांबवून बघत होतं. न हसता. सिनेमाची जी जागा सगळ्यांत जास्त जपली गेली तीच झिजली, आणि झिजली म्हणून कापली गेली. हसायच्या जागेला ओरखडासुद्धा नाही. ती वीस मिनिटं नवीकोरी!

“कापलेली पट्टी कुठंय?”

“गोणीत टाकायचो. पिंपळगाव रेणुकाईचा एक पाव्हणा न्यायचा, शेतात पाखरं हाकलायला.”

मी खरंच गेलो तिथं, एसटीनं. ज्वारीचं रान, आणि बांधाबांधानं ताणलेल्या कॅसेटीच्या काळ्या पट्ट्या वाऱ्यावर भुणभुणत होत्या. उन्हात सगळ्या सारख्याच चमकत होत्या. कुठली लग्नाची, कुठली मारधाडीची, कुठली आमची, कसं ओळखणार? पाहुणा म्हणाला, “ह्याच्यात पिक्चर असतो व्हय? आम्ही तर पाखरं भेतेत म्हणून लावतो.”

“माणसं पण भितात,” मी म्हणालो. तो हसला. मी चांगलं वाक्य टाकलं की लोक हसतात. हे माझं असंच आहे.

तर ही पत्रिका. दादांकडून आणलेली ती कॅसेट मंडळाला मीच पाठवली होती, सोबत एक चिठ्ठी लिहून, ‘सुई उजेडात धरली की कॅसेट थांबवा. तीन मिनिटं काही दाखवू नका. मग पुढं चालू करा.’ पत्रिका बघून मी फोन केला. पलीकडं एक गोड आवाजाच्या बाई.

“सर, तीन मिनिटं काहीच नाही म्हटलं तर लोक उठून जातील हो.”

“जाऊ द्या. आमच्याकडंही गेले होते.”

“आणि ‘गमतीदार’ आम्ही अगदी प्रेमानं लिहिलंय.”

“बाई, आत्तापर्यंत सगळ्यांनी प्रेमानंच कापलंय,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मग मीच गेलो. सरळ जाऊन पहिल्या रांगेत बसलो. सभागृह गार, माणसं शिकलेली, कुणी शिट्टी मारत नव्हतं. पण हशा तोच. मी सायकलवरून पडलो, हशा. पदर अडकला, टाळ्या. शेजारचा तरुण डोळे पुसत मला म्हणाला, “काय भारी आहेत हो हे!” त्यानं मला ओळखलं नव्हतं. मी घड्याळ बघत नव्हतो. मला प्रत्येक सेकंद पाठ होता.

मास्तर पडद्यावर आला. मी उठलो. कॅसेट चालवणारं मशीन भिंतीशी एका टेबलावर होतं. त्यानं सुई उजेडात धरली आणि मी पॉजचं बटण दाबलं.

भला मोठा मास्तर पडद्यावर थरथरत थांबला. हातात सुई, दोरा, मागं दारातला उजेड. मंडळाच्या बाई लगबगीनं उठल्या. कुणीतरी हसलं, मग कुणीतरी “काय झालं?” विचारलं. मी लोकांकडं तोंड करून उभा राहिलो. बोलायला माझ्याकडं त्या दिवशी चिक्कार होतं. अख्खं भाषण बसमध्ये पाठ केलं होतं, चढउतारांसकट. पण मी खिशातून घरून आणलेला दोरा काढला आणि दातांत धरला.

एक मिनिट गेलं. हसणारा थांबला. दोन-चार जण उठून गेले. मागच्या रांगेत एक म्हातारा गृहस्थ मात्र पुढं वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून मास्तरकडं बघत राहिला.

दुसरं मिनिट संपता संपता मशीन सांभाळणारा पोरगा धावत आला. “काका, असं पॉज ठेवू नका! पट्टी झिजते, हेड खराब होईल!”

माझ्या तोंडात दोरा होता. मी बोट बटणावरून काढलं नाही.